साडेसहा इंचांची पिशवी

ती पिशवी अजून माझ्या घरात खुंटीला आहे. जाड खाकी कॅनव्हासची, बारा इंच लांब, सात इंच उंच, साडेसहा इंच रुंद. तळापासून चार बोटं वर पाण्याच्या डागाची एक तपकिरी रेघ चारही बाजूंनी फिरली आहे. ती रेघ मी कधी धुऊ दिली नाही. राग विसरू नये म्हणून ठेवली आहे, असं माझी बायको आल्यागेल्याला सांगते. ते खरं आहे.

रस्त्यांच्या कामावर मी मोजणीचा कारकून होतो. खडीचे ढीग मोजायचे, मोऱ्यांची रुंदी घ्यायची, मुरमाचे खड्डे मापायचे. हातात सतत टेप असला की माणसाला सगळं जग इंचांत दिसू लागतं. दुसरं महायुद्ध लागायच्या तीन-चार वर्षं आधी सुरतेच्या एका फोटोवाल्यानं धंदा बंद केला, तेव्हा त्याचा घडीचा कॅमेरा मी घेतला. त्याबरोबर तीन भिंगं आली. एक नेहमीचं. एक लांबुळकं, एकट्या माणसाचा चेहरा टिपण्यासाठी. आणि तिसरं रुंद भिंग, पितळी नळीतलं, अंगठ्याच्या पेराएवढं. जागा अपुरी असली तरी पुष्कळ रुंदी आत घेणारं. वीस फुटांवरून नेहमीचं भिंग पंधरा फूट रुंदी काचेच्या प्लेटवर आणी, रुंद भिंग चोवीस. हे मी आधी कागदावर मांडलं आणि मग कचेरीमागच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारून ताडून पाहिलं. आकडे जुळले. त्या दिवसापासून ते भिंग तिघांत माझं लाडकं.

कॅमेरा बायकोनं शिवलेल्या झोळीत असायचा आणि जास्तीची भिंगं माझ्या कोटाच्या खिशात. एकदा विसरवाडीच्या पुढे कामावर वाकलो, तर लांबुळकं भिंग खिशातून निसटून मुरमाच्या खड्ड्यात घरंगळत गेलं. फुटलं नाही, पण कडेला खरवडलं. तेव्हापासून चांगली पिशवी करायचं मनात होतं. घाई नव्हती. घाई चैत्रात सुरू झाली.

माझी सासुरवाडी तापीपलीकडे, ब्राह्मणपुरीला. सासरे वारलेले. दोन मेहुणे एकाच घरात, एकाच चुलीवर. त्या साली दोघांचं बिनसलं. कारण मी लिहीत नाही. गोठ्यातल्या मोरीचं सांडपाणी कोणाच्या बाजूनं जावं, एवढंच ते होतं, आणि ते लिहायचीही मला लाज वाटते. वाटणी ठरली. शेत वाटलं, बैल वाटले, आणि अंगणाच्या मधोमध, ओसरीपासून थेट समोरच्या गोठ्यापर्यंत, भिंत घालायचं ठरलं. मुहूर्त आखाजीचा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी पोराबाळांसह त्या दिवशी माहेरी असतात. माझी बायको चैत्रात माहेरी जाऊन आली आणि आईचा निरोप घेऊन आली. घरातली सगळी माणसं एकाच फोटोत पाहिजेत. अंगणात. आणि भिंतीच्या आधी.

"आईनं आजवर काही मागितलं नाही," बायको म्हणाली. "लुगडंसुद्धा नाही."

"माणसं किती?"

"मोजायची कोणी? तुम्हीच मोजा."

मी मोजली. दोन मेहुण्यांची कुटुंबं, चार लेकी, त्यांचे नवरे, त्यांची मुलं आणि सासूबाई. मला धरून चव्वेचाळीस. मी कॅमेऱ्यामागे, म्हणजे त्रेचाळीस. अंगणाची मापं मला पाठ होती, कारण जावई म्हणून तिथं बसण्याखेरीज मला दुसरं कामच नसे. रुंदी चोवीस फूट, ओसरीपासून गोठ्यापर्यंत एकवीस. गोठ्याला पाठ लावून उभं राहिलं तर कॅमेऱ्यापुढे एकोणीस फूट उरतात. एकोणीस फुटांवर रुंद भिंग तेवीस फूट घेतं. माणसाला दीड फूट धरलं तर एका रांगेत पंधरा माणसं, तीन रांगांत पंचेचाळीस. नेहमीच्या भिंगानं जेमतेम सत्तावीस मावतात. चौथी रांग ओसरीच्या सावलीत जाते, आणि सावलीतले चेहरे प्लेटवर कोळशासारखे येतात. म्हणजे हे काम त्या अंगठ्याएवढ्या भिंगाचं होतं, दुसऱ्या कशाचं नाही.

ते भिंग झोळीत किंवा खिशात नेणं मला कबूल नव्हतं. मी पिशवी शोधायला निघालो.

आधी पत्रेवाल्याकडे गेलो. त्यानं पत्र्याची पेटी सुचवली. पेटी पक्की होती, पण वैशाखात तिच्यात हात घातला तर पोळेल अशी. सुरतेहून एक जण डॉक्टरी पद्धतीची चामड्याची बॅग घेऊन आला होता. तोंड मोठं, दिसायला रुबाबदार, आत एकही खण नाही. तीन भिंगं तीत टाकली तर एकमेकांवर आपटत जाणार. शिवाय बायको म्हणाली, "चामडं आईच्या घरात आत जात नाही. बाहेर ओसरीच्या खुंटीला राहील." मला ते बाहेर ठेवणं नको होतं. हे वाक्य लिहिताना आजही माझे दात आवळतात.

शेवटी मी नंदुरबारातल्या एका जिनगराकडे गेलो. घोड्यांची खोगिरं आणि बैलांचा साज करणारा म्हातारा. त्याच्यापुढे मी माझं रेखाटन ठेवलं. वरच्या खणात कॅमेरा आणि प्लेटची एक स्लाइड. मधल्या खणात लांबुळकं भिंग आणि उरलेल्या दोन स्लाइडी. तळाशी मध्यावर एक गोल कप्पा, त्यात रुंद भिंग. लहान म्हणून सगळ्यात खाली, सगळ्यांच्या आधाराला. स्लाइड म्हणजे चपटी लाकडी डबी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक काचेची प्लेट बसते आणि फोटो काढताना वरची पातळ फळी ओढून बाहेर काढायची असते. तीन स्लाइडी, सहा प्लेटा. पट्टा चामड्याचा नको म्हणून खाटेला लावतात तसल्या नवारीचा.

म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"सायेब, हाई बाळंतीनना खोलीनं रेखाटन शे का पिशवीनं? कठेच श्वास घेवाले जागा नही."

"जागा मोजून ठेवलीय. रुंदी साडेसहा इंच. त्याच्यावर दोरासुद्धा नको."

साडेसहाचं कारण होतं. सर्व्हिस मोटरवाले प्रवाशांचं सामान टपावर फेकत. माझी पिशवी मला पायाशी पाहिजे होती, आणि बाकाखालची मोकळी रुंदी मी मोजली होती: सात इंच. अर्धा इंच हलायला.

"आतमा मेणकापड लावूत," तो म्हणाला. "पानी काय सांगीसन येत नही."

मी हिशेब केला. मेणकापड, त्याच्यामागे अस्तर, दोन्ही बाजू धरून पाऊण इंच जाडी वाढणार. मग लांबुळकं भिंग बसत नाही, किंवा पिशवी बाकाखाली जात नाही.

"वैशाखात कुठून येणार पाणी?" मी म्हणालो. "तापीतसुद्धा घोट्याएवढं नसतं."

त्यानं खांदे उडवले आणि मापं घेतली. पिशवी मात्र त्यानं अशी शिवली की एक टाका वाकडा नव्हता. घरी आणून मी सगळं आत बसवलं, झाकण लावलं, हलवलं. आवाज नाही. मी ती तीन-चारदा भरली आणि रिकामी केली. बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तीन भिंगांची एवढी बडदास्त," ती म्हणाली. "तीन पोरांना कधी मऊ अंथरूण विचारलं नाही."

"पोरं फुटत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. पिशवी बाकाखाली अर्धा इंच राखून बसली, आणि मला त्या प्रवासात फार समाधान वाटलं हे कबूल करतो. प्रकाशा गावाला उतरून तापी ओलांडली. पाणी खरंच घोट्याएवढं होतं. पलीकडे मेहुण्यांनी दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, पाठवली होती. दोघांनी दोन पाठवल्या होत्या. थोरल्याची दमणी आणि धाकट्याची दमणी, शेजारी शेजारी उभ्या, गडी एकमेकांकडे न पाहता बसलेले. बायको एकीत बसली, मी दुसरीत. नाहीतर कोणीतरी रुसलं असतं.

अंगणात शिरलो तर जमिनीवर राखेची रेघ आखलेली. एका बाजूला दगडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चुन्याचा. मुलं रेघेवरून उड्या मारत होती. थोरले मेहुणे पुढे आले आणि रिवाजाप्रमाणे माझ्या हातातलं सामान घ्यायला हात पुढे केला. मी पिशवी मागे घेतली.

"जवाई, हाई पिशवीमा काय सोनं शे का?"

धाकटे मेहुणे रेघेच्या त्यांच्या बाजूला उभे होते. तिथूनच म्हणाले, "सोनं ऱ्हातं तर तेनी बी वाटणी करी टाकतूत."

दोघेही हसले नाहीत.

आता त्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. सासू जावयाशी थेट बोलत नसे. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि सासूबाईंनी मला उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. त्या दाराआड उभ्या राहायच्या, पदर पुढे ओढायच्या आणि लेकीला सांगायच्या, "तेसले सांग." मीही लेकीलाच सांगायचो. मधे एक माणूस असल्याशिवाय आमच्यात पाण्याचा तांब्याही सरकला नव्हता.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच धास्ती होती, ऊन. पत्र्याखाली नाहीतर उन्हाच्या भिंतीशी पिशवी राहिली तर प्लेटा खराब होतात. म्हणून मी बायकोजवळ पिशवी दिली आणि म्हणालो, "घरातली सगळ्यात गार जागा बघ आणि तिथं ठेवायला सांग. उघडू नका म्हणावं." बायकोनं आत जाऊन आईला तसंच सांगितलं. आईनं तसंच केलं.

खानदेशातल्या घरात वैशाखात सगळ्यात गार जागा एकच असते, घडवंचीखाली. वर पाण्याचे माठ, खाली ओलसर वाळू. दही तिथं ठेवतात, विड्याची पानं तिथं ठेवतात. सासूबाईंनी पिशवी तिथं ठेवली. चामड्याची असती तर तिला पाण्याजवळ कोणी येऊ दिलं नसतं, ती ओसरीच्या खुंटीला कोरडी लटकली असती. कॅनव्हासची होती म्हणून तिला मानाची जागा मिळाली.

आणि आखाजीला पूर्वजांच्या नावानं नव्या घागरी भरतात. ज्यांनी नवा माठ भरला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नवी माती पहिल्या दिवशी नुसती पाझरते. पहाटे त्या घडवंचीवर सात नव्या घागरी भरून मांडल्या गेल्या, त्यांच्यावर खरबुजं आणि सांजोऱ्या ठेवल्या, पूजा झाली. मीही जाऊन नमस्कार केला. माझी पिशवी माझ्या पायापासून दीड हातावर, पुढे सोडलेल्या लुगड्याच्या आडोशाला, भिजत होती.

जेवणं झाली. आमरस झाला. चार वाजता ऊन गोठ्याच्या बाजूला कलतं आणि समोरची माणसं उजळतात, म्हणून मी चारची वेळ ठरवली होती. सूर्य मावळायच्या आत भिंतीचा पहिला दगड बसणार होता. तीन वाजता मी पिशवी मागितली.

बायकोनं ती दोन्ही हातांनी आणली. तळातून पाणी ठिबकत होतं.

मी ती तिच्या हातून घेतली. ओसरीवर बसून एकेक वस्तू काढली. पाणी वाळूत साचून खालून चढलं होतं, म्हणून वरच्या खणातला कॅमेरा आणि स्लाइड कोरडी होती. मधल्या दोन स्लाइडी फुगल्या होत्या; फळी ओढली तर हालत नव्हती, जोर केला तर चिरली. त्यांतल्या चारही प्लेटा गेल्या. लांबुळकं भिंग पुसून ठीक झालं. तळच्या कप्प्यातून रुंद भिंग काढलं तर त्याच्या आत दुधासारखी साय होती.

इथं माझी चूक झाली, आणि ती मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. ते सावलीत ठेवून हळूहळू सुकवायचं. पण तासभरच हातात होता. मी ते उचललं आणि अंगणातल्या तापलेल्या दगडांवर, भिंतीसाठी आणलेल्या त्या दगडांवरच, उन्हात ठेवलं. त्या भिंगात दोन काचा डिंकासारख्या कशानं तरी एकमेकींना चिकटवलेल्या असतात. गार ओली काच, वर वैशाखाचं ऊन, खाली पोळणारा दगड. थोड्या वेळानं टिक असा बारीक आवाज आला. उचलून पाहिलं तर काचांचा जोड सुटला होता आणि आत तेलाच्या तवंगासारखे रंग पसरले होते. त्यातून समोरचं एक माणूस दोन दिसत होतं.

मग मी बोललो. आयुष्यात मी तितक्या मोठ्यानं सासुरवाडीत बोललो नव्हतो.

"कोणी ठेवली पिशवी पाण्याखाली? या घरात डोळे आहेत की नाहीत कोणाला? त्रेचाळीस माणसं आहेत आणि एकालाही पाणी ठिबकताना दिसत नाही? रेघ मात्र सगळ्यांना दिसते. रेघ सरळ आहे. इकडची वीत तिकडे गेली नाही. तेवढं बघायला दोन-दोन माणसं बसतात."

बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना, सगळ्यात गार जागा."

"मी गार सांगितली, ओली नाही सांगितली."

तेवढ्यात दाराआडून सासूबाई बाहेर आल्या. पदर कपाळापर्यंत होता, पण त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहून बोलल्या.

"जवाई, मीच ठेवं ते. माले वाटनं, पानीना खाले ठेवानं का नही, तुमले इचारूत. पण इचारू कशी?"

सतरा वर्षांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. मला एकदम जाणवलं की आता मी ओरडू शकत नाही, आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही. त्याला बसायला जागा राहिली नाही, एवढंच.

मी मेहुण्यांकडे वळलो. "आठ दिवस थांबा. मुंबईहून भिंग मागवतो. आठ दिवसांत भिंत पळून जात नाही."

दोघे चैत्रापासून एकमेकांशी बोलत नव्हते. एका गोष्टीवर मात्र त्यांचं लगेच एकमत झालं.

"आखाजीना मुहूर्त टळाव नही," थोरले म्हणाले.

"बराबर," धाकटे म्हणाले. "गवंडी उनात."

दोन गवंडी खरंच येऊन गोठ्याच्या सावलीत विड्या ओढत बसले होते.

"मग बाहेर चला," मी म्हणालो. "शेतात चला, नदीत चला. तिथं मला पाहिजे तेवढं मागे सरता येईल. नेहमीच्या भिंगात सगळे बसतील."

यावर मेहुणे तयार झाले असते. पण सासूबाई पुन्हा थेट मलाच म्हणाल्या, "शेतमा कसाले? शेतमा भिंत व्हवाव नही. माले आंगन पाहिजे."

मी कोरड्या स्लाइडकडे पाहिलं. एक स्लाइड, दोन बाजू, दोन प्लेटा. नेहमीचं भिंग. एकोणीस फुटांवरून सव्वाचौदा फूट. अंगण चोवीस फूट. एका फोटोत होत नाही, दोनांत होतं. आधी डावं अर्धं अंगण, मग कॅमेरा वळवून उजवं अर्धं. मी हे मोठ्यानं सांगितलं.

सांगितल्याबरोबर माणसं हलू लागली. कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. थोरल्याचं कुटुंब राखेच्या रेघेच्या डावीकडे जमलं, धाकट्याचं उजवीकडे. लेकीसुद्धा वाटल्या गेल्या, ज्यांचं ज्या भावाशी पटे त्या त्याच्याकडे. एवढ्याशा मुलांनाही आपली बाजू ठाऊक होती. काल रेघेवरून उड्या मारणारी हीच मुलं. दोन घट्ट घोळके उभे राहिले आणि मधली रेघ स्वच्छ मोकळी राहिली. मी काळ्या फडक्याखाली डोकं घालून पाहिलं. माझ्या पहिल्या फोटोची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड बरोबर त्या रेघेवर येत होती. म्हणजे त्यांची भिंत दगडाआधी मीच घालत होतो, काचेवर. त्या म्हातारीनं जे नको म्हणून मला बोलावलं होतं, तेच मी तिला काढून देणार होतो.

मी फडकं काढून फेकलं.

"सगळे ओसरीवर चला. एका रांगेत. उंचीनं. माझी बायको धरून."

"काय व्हयनं आते?" थोरले म्हणाले.

"रांगेत या म्हटलं. फोटो मी काढतोय."

खडीच्या कामावर शंभर-शंभर मजुरांना मी असं रांगेत उभं केलं होतं. बेचाळीस माणसं म्हणजे काहीच नाही. सासूबाईंना बाजूला बसवलं. मग रांगेच्या टोकापासून बोट ठेवत गेलो. एक, दोन. एक, दोन. एक म्हणालो तो डावीकडे, दोन म्हणालो तो उजवीकडे. नात्याकडे पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं नाही. थोरले मेहुणे उजवीकडे गेले, त्यांची बायको डावीकडे. धाकट्यांच्या दोन मुली थोरल्या काकांच्या पायाशी आल्या. धाकटे स्वतः डावीकडे, थोरल्यांच्या मुलांमध्ये, खाली मान घालून. एकवीस इकडे, एकवीस तिकडे.

"जवाई, हाई काही बराबर नही," धाकटे म्हणाले. "मन्हा पोरी तठे, मी आठे."

"भिंत घालताना मला विचारलं नव्हतं," मी म्हणालो. "फोटो काढताना मी विचारणार नाही. हलाल तर प्लेट जाईल, आणि माझ्याकडे दोनच आहेत."

एक लेक पदरात तोंड लपवून हसली. तिच्या नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती पदर सावरून सरळ उभी राहिली.

"आणि मी?" सासूबाईंनी विचारलं.

एकवीस आणि एकवीस, बेचाळीस. त्रेचाळिसावी ती. माझ्या हिशेबात तिची बाजू लागत नव्हती.

माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याच म्हणाल्या, "मी दोन्हीमा बसस."

त्यांचा पाट मी डाव्या घोळक्यात ठेवला. भिंगाचं झाकण काढलं, तीन मोजले, लावलं. मग त्या स्वतः उठल्या, पाट स्वतः उचलला, राखेच्या रेघेवरून चालत पलीकडे गेल्या आणि उजव्या घोळक्याच्या मध्यावर बसल्या. त्यांच्या पायानं रेघ एका ठिकाणी पुसली गेली. दुसरी प्लेट काढली. मी कॅमेरा मिटेपर्यंत गवंड्यांनी ती रेघ नीट करून घेतली होती, आणि दिवस मावळायच्या आत पहिला दगड बसला. मी तिथं थांबलो नाही. बायकोला म्हणालो, "मी दमणीत बसतो, तुझं झालं की ये." परत येताना ओली पिशवी मी पायाशी ठेवली नाही. मांडीवर ठेवली.

दोन्ही फोटो चांगले आले. एकही चेहरा हललेला नाही. प्रत्येकाची एकेक प्रत चौकटीत घालून पाठवली: डावा फोटो थोरल्यांना, उजवा धाकट्यांना. थोरल्यांच्या भिंतीवरच्या फोटोत थोरले स्वतः नाहीत. धाकट्यांच्या फोटोत धाकटे नाहीत. आपली सगळी माणसं पाहायची तर भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत जावं लागतं आणि दुसऱ्याच्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं. हे मी शहाणपणानं केलं, असं काही नातेवाईक सांगतात. ते खोटं आहे. मी ते संतापानं केलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

दोन्ही फोटोंत सारखं माणूस एकच आहे. सासूबाईंच्या पदराला उजव्या फोटोत राखेचा एक पट्टा लागलेला दिसतो.

पुढच्या पावसाळ्यात थोरल्यांचं पत्र आलं. "आमचे फोटोत आमची निम्मी माणसे नाहीत, तरी सवडीने येऊन आमचा वेगळा फोटो काढून द्यावा." आठवड्यानं धाकट्यांचं आलं. मजकूर जवळजवळ तोच. एकाच मास्तरानं लिहिलेलं असावं.

त्या वेळेपर्यंत मी रुंद भिंग नवं मागवलं होतं. पिशवी जिनगराकडे नेऊन आतून मेणकापड लावून घेतलं होतं. म्हाताऱ्यानं डागाची रेघ पाहिली, मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. मेणकापडामुळे आता तीत दोनच भिंगं बसतात. लांबुळकं मी घरी ठेवतो.

मी दोघांनाही एकच उत्तर पाठवलं, नक्कल करून, शब्दाचा फरक न करता:

"तुमचे पत्र पोहोचले. तुमच्या अंगणाची रुंदी आता बारा फुटांहून कमी आहे. सगळ्या माणसांना मला तेवीस फूट लागतात. तेवीस फूट झाले की कळवावे, त्याच दिवशी निघतो. पिशवी भरून तयार आहे."

बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, "जरा मऊ लिहायचं होतं."

मी मऊ लिहिलं नाही. दोघांचंही उत्तर आजवर आलेलं नाही. सासूबाई आता थकल्या आहेत, पण मी गेलो की दाराआड उभ्या राहत नाहीत. समोर येऊन बसतात आणि पहिलं विचारतात, पिशवी आणली का. मी आणलेली असते.